ऐकू आला तो नापास

फोरमनसाहेबांच्या घरात 'हो' दोन प्रकारचा होता. एक साधा, एकदाच म्हटलेला. त्याचा अर्थ हो. दुसरा जोडीनं यायचा, "हो हो", त्याच्याबरोबर मान डोलायची आणि ओठांवर ओशाळं हसू यायचं. त्याचा अर्थ एवढाच, की समोरचा काय बोलला ते साहेबांना ओ की ठो कळलेलं नाही, पण पुन्हा विचारायची लाज वाटतेय.

बायकोनं हे गणित संसाराला लागल्यावर हळूहळू सोडवलं. लेकीला मात्र ते बोलता यायला लागलं तेव्हापासून पाठ होतं आणि त्याचा ती मनसोक्त फायदा उठवायची. साहेब पाठमोरे दिसले की भरभर विचारून टाकायची, "बाबा, आज अभ्यासाला सुट्टी?" "हो हो." "बाबा, तुमच्या वाटणीचं आइस्क्रीम मी खाऊ?" "हो हो." मग आतून आई ओरडायची, "शिट्टे, गरीब माणसाला किती लुबाडशील!"

शिट्टी हे लाडाचं नाव साहेबांनीच ठेवलेलं. जन्मली तेव्हा पोरगी अशा काही बारीक, टोकदार आवाजात रडली होती की दुसरं नाव सुचलंच नाही. आता ती चौदा-पंधराची घोडी झाली तरी आवाज तसाच बारीक राहिला, आणि नेमका तोच आवाज साहेबांच्या कानातून गेला होता. पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांच्या तरुणपणी कारखान्याच्या हॉलमध्ये कान झाकणाऱ्याला सगळे हसायचे. "काय रे, नवरी आहेस का?" म्हणायचे, आणि साहेबही त्या हसणाऱ्यांतलेच होते. आज मात्र इअरमफ घातल्याशिवाय कोणाला ते उंबरठा ओलांडू देत नाहीत. मॅनेजर आला तरी त्याला दारात अडवतात.

जाडा, पुरुषी आवाज त्यांना अजून बरा ऐकू यायचा. लेकीच्या बोलण्यातला मात्र नुसता सूर पोचायचा, शब्द वाटेतच गळून जायचे. जेवताना ती शाळेतली काहीबाही गंमत सांगायची, आई हसायची, मग आईकडे बघून साहेब हसायचे. ते उसनं हसू त्यांना मनातून अगदी नकोसं व्हायचं. आपली एकुलती एक पोरगी रोज समोर बसून बोलते आणि आपण नुसते डोलतो, हे त्यांच्या जिवाला लागायचं. बायको कानाच्या डॉक्टरचा विषय काढायची. "मी काय म्हातारा झालो?" साहेब म्हणायचे. फारच मागे लागली तर "हो हो" म्हणायचे आणि विषय तिथंच मिटायचा.

अशात शिट्टीची शाळेच्या रेडिओवर निवड झाली. मधल्या सुट्टीत शाळेभर लावलेल्या स्पीकरवर मुलांचा कार्यक्रम व्हायचा, त्यात तिला नकलांचा एक छोटा तुकडा मिळाला. आईच्या जुन्या फोनवर ती तो रेकॉर्ड करायची, कापायची, जोडायची, पुन्हा ऐकायची. एकच वाक्य दिवसभर घरात घुमत राहिलं की आईचे कान किटायचे. "हिला हेडफोन आणा, नाहीतर मला माहेरी पाठवा," असं तिनं शेवटी जाहीर केलं.

साहेबांना आपले कान आठवले. आपली एवढी एक पोरगी, कान अजून धड असलेली, आणि तिनं आपण होऊन कानाला आवाज बांधून घ्यायचा? पण नाही म्हणायचंही जिवावर आलं. पहिल्यांदाच पोरगी कशासाठी तरी इतकी झपाटली होती. सुट्टीच्या दिवशी बाप-लेक निघाले. "नवीन बुटांपेक्षा महाग नको," आईनं दारातून बजावलं. "आणि दुकानात तमाशे नकोत."

दुकान म्हणजे एक बोळच होता. दोन्ही भिंतींवर फोनची कव्हरं लटकलेली, काउंटरच्या काचेला तडा गेलेला आणि त्यावर चिकटपट्टी. मालकीणबाई चष्मा केसांवर सरकवून कोणाचा तरी फोन उघडून बसल्या होत्या. एक गृहस्थ चार्जर घ्यायला येऊन ताटकळत होते.

"सगळ्यात कमी आवाजाचा हेडफोन दाखवा," साहेब खणखणीत आवाजात म्हणाले. दिवसभर प्रेसवर ओरडणारा माणूस, त्यांचं हळू बोलणंही रस्त्यावर ऐकू जायचं.

"कमी किमतीचा म्हणायचंय का?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी कानामागे हात धरला, तेव्हा बाईंनी तेच पुन्हा जोरात विचारलं.

"तेही बघू. पण आधी कमी आवाजाचा."

बाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "इतकी वर्षं दुकान चालवतेय, असं गिऱ्हाईक पहिलंच आलं!"

मग साहेबांनी आपली पद्धत समजावली. "त्याचं असं आहे बाई, माझे कान प्रेसनं खाल्ले. जो आवाज मलासुद्धा ऐकू येतो, तो माझ्या पोरीच्या कानाची वाट लावणारच. तेव्हा मी स्वतः घालून बघणार. तुमच्या फोनचा आवाज निम्म्यावर ठेवा आणि गाणं लावा. मला ऐकू आला तो नापास. ऐकू नाही आला तो पास."

शिट्टीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चार्जरवाले गृहस्थ मात्र स्टूल ओढून बसले.

पहिला आला लालभडक, भलाथोरला. साहेबांनी कामावरचा इअरमफ तपासतात तसा त्याचा पट्टा वाकवून पाहिला, गाद्या दाबल्या, डोक्यावर चढवून मान हलवली. गाणं लागलं. "बाप रे, घण घालतायत नुसते! नापास." दुसऱ्यात घण जरा लांबून ऐकू आले. तोही नापास. तिसरा कानात खुपसायचा होता. तो साहेबांनी चिमटीत धरून फिरवून पाहिला आणि न घालताच परत दिला. "कापूससुद्धा एवढा आत घालू नये म्हणतात."

"काका, तुम्ही मुका हेडफोन शोधताय," चार्जरवाले तोंडातल्या तोंडात म्हणाले.

"हो हो," साहेब हसून म्हणाले.

मग आला पातळ फोमच्या गाद्यांचा, सगळ्यात स्वस्त. साहेब कान टवकारून उभे राहिले. रस्त्यावरचे हॉर्न येत होते, पंख्याची घरघर येत होती, गाणं काही येईना. त्यांचा चेहरा खुलला. "पास! बुटांपेक्षा स्वस्तही आहे. बांधा."

"बाबा, ह्यात मलाही काही ऐकू येत नाहीये," शिट्टी तो घालून रडकुंडीला येत म्हणाली.

"हो हो," साहेब म्हणाले आणि पाकीट काढायला लागले.

आता मात्र बाईंना राहवेना. त्या काउंटरवरून पुढे वाकल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "साहेब, एक सांगा. तुमची मशीन चालू असताना शेजारच्याशी बोलायचं झालं तर माणसं काय करतात?"

"ओरडतात. दुसरं काय करणार?"

"झालं तर मग! हा फोम बाहेरचा गोंगाट अडवत नाही. पोरगी बसमध्ये बसली की आवाज वाढवत नेणार, पार शेवटपर्यंत. जो गोंगाट बाहेर ठेवतो, त्याचा आवाज वाढवावाच लागत नाही. तुमची परीक्षा उलटी आहे हो!"

साहेब पाकीट हातात धरून तसेच उभे राहिले. गोंगाट बाहेर ठेवायचा, हे तर ते रोज प्रेसवरच्या पोरांना घसा फोडून सांगत होते! मुद्दा एकदम पटला. पण चार लोकांसमोर, त्यातून लेकीसमोर, आपला नियम मोडीत काढायचा म्हणजे फारच झालं. "बरं, मग गोंगाट अडवणारा दाखवा," ते म्हणाले. "पण परीक्षा तीच."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि खालच्या खणातून एक चेपलेला खोका काढला. "माल चांगला आहे. खोका चेपलाय म्हणून कोणी हात लावत नाही. हा बुटांच्या भावात देईन."

साधा, काळा, वायरवाला हेडफोन होता. साहेबांनी पट्टा ताणला, तो बरोबर परत आला. गाद्या जाड, कानाभोवती कुठं फट राहत नव्हती. घातला आणि रस्ता बंद झाला, पंखा बंद झाला. 'हा तर आमचाच इअरमफ,' त्यांना वाटलं.

दुकानाच्या गाण्याला शिट्टी एव्हाना विटली होती. तिनं वायर आईच्या त्या जुन्या फोनला जोडली, आवाज अगदी पाववर आणला, आणि जे हाताशी होतं ते लावलं.

कोणीतरी घसा खाकरला. मग एक मुलगी बोलायला लागली. "नमस्कार! आज मी तुम्हाला आमच्या घरी नेणार आहे."

साहेब दचकले. शब्द येत होते. नुसता सूर नाही, अख्खे शब्द, त्यांच्या काना-मात्रांसकट. मुलीनं आधी आईची नक्कल केली, मग म्हणाली, आता बाबा. "बाबा, घराला आग लागलीय!" आणि जाड आवाज काढून, "हो हो." "बाबा, चोर आलाय, त्याला चहा देऊ?" "हो हो. साखर कमी."

साहेबांना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मुलगी पुढे बोलतच होती, जरा हळू. "बाबांना माझा आवाज ऐकू येत नाही. रेडिओच्या बाई म्हणाल्या, तुझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो, म्हणून तुला घेतलं. बाईंना कुठं माहितीये, घरी मला तो ह्याच्याहून लांब पोचवायचा असतो. अजून पोचला नाही. पण मी काही सोडणार नाहीये."

शिट्टीनं बापाच्या तोंडासमोर हात हलवून खुणेनं विचारलं, येतंय का ऐकू?

आता आली का पंचाईत! ऐकू येतंय म्हणावं तर नापास. हा हेडफोन जाणार परत त्या खणात.

"छे! काही नाही," ते म्हणाले. "चिडीचूप. पण पुन्हा एकदा लाव बरं. नीट तपासायला हवं."

शिट्टीनं पुन्हा लावलं. ह्या वेळी ती बापाकडे नीट बघत होती. चोराला चहा द्यायच्या आधीच त्यांच्या मिशा हलायला लागल्या. आणि शेवटाला आल्यावर ते एकाएकी पाठ वळवून भिंतीवरची कव्हरं निरखायला लागले. साहेबांना फोनच्या कव्हरात कधीच रस नव्हता. शिट्टीचा हात तोंडावर गेला.

"पास," साहेब भिंतीला म्हणाले. मग डोळे पुसत वळले. "धूळ फार आहे हो तुमच्या दुकानात."

"रोज पुसते मी," बाई म्हणाल्या आणि खोका बांधायला घेतला. चार्जरवाल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. आपला चार्जर न घेताच ते निघून गेले हे बाईंच्या नंतर लक्षात आलं.

बसस्टॉपवर बाकावर बसल्या बसल्या शिट्टीनं खोका उघडला आणि हेडफोन बापाच्या डोक्यावर चढवला. रेकॉर्ड करताना स्वतःचा आवाज ऐकता यावा अशी एक सोय त्या फोनमध्ये होती, ती तिनं चालू केली आणि फोन तोंडाजवळ धरला. मग रस्त्याकडे बघत, एरवी मैत्रिणीशी बोलावं तसं म्हणाली, "बाबा, शनिवारी मैत्रिणीकडे राहायला जाऊ? रात्रभर सिनेमे बघणार आहोत."

"मुळीच नाही!" साहेब म्हणाले. "सोमवारी परीक्षा आहे तुझी."

शिट्टी फोन बाकावर टाकून टुणकन उभी राहिली. "नाही म्हणालात!" तिनं बाकाभोवती एक चक्कर मारली. "बाबा मला नाही म्हणाले!" बसची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली. नकार मिळाल्यावर नाचणारी पोरगी त्यांनी कुठं पाहिली असणार!

"म्हणजे दुकानात सगळं ऐकलंत तुम्ही," ती फोन उचलून धापा टाकत पुन्हा शेजारी बसली. "मग नापास का नाही केलात?"

"परीक्षकच फितूर झाला," साहेब म्हणाले. "तुझा आवाज असा आहे होय! मला वाटायचं गोड-बिड असेल. चांगला खरखरीत आहे की गं, आजीसारखा." त्यांनी हेडफोन कानांवर आणखी घट्ट दाबला. "मला फार आवडला, शिट्टे."

शिट्टीनं त्यांच्या दंडाला डोकं टेकलं. हेडफोन मागायचं तिच्या मनातही आलं नाही. मग तिनं फोन आणखी जवळ धरला आणि अगदी हळू विचारलं, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं? मी येते बरोबर."

समोर बस येऊन थांबली. तिचा ब्रेक किंचाळला, दारं आपटली, माणसांची झुंबड उडाली. ऐकू आलं नाही म्हणायला याहून चांगला मोका मिळाला नसता. साहेबांनी बसकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. एकदाच.