काडीची फेरपरीक्षा

दाढेच्या मुळाभोवती केसासारखी बारीक काळी रेघ असते, ती दाखवण्यासाठी मॅडमनी पडद्यावरच्या एक्स-रेवर काठी टेकवली आणि वाक्य अर्धवट सोडलं. ही रेघ केसासारखी नव्हती. पेन्सिलीनं दोनदा गिरवावी तशी जाड होती, दोन्ही मुळांभोवती, सगळीकडून सारखी.

डेंटल कॉलेजच्या त्या वर्गात खसखस पिकली होती. आदल्या दिवशी मुलांनी सरावासाठी एकमेकांच्या दातांचे एक्स-रे काढले होते आणि आता कुठला कोणाचा हे ओळखायची चढाओढ चालली होती.

"हा काडीचा," मागून कोणीतरी म्हणालं. "अक्कलदाढ बघा, कशी आडवी आलीय. हिच्यासारखीच."

काडी पहिल्या बाकावर होती. अंगानं काडी म्हणून हे नाव; पण दोघांचं जमत असलं की मध्ये काडी टाकायचं कामही तीच करायची, त्यामुळे ते दोन्हीकडून शोभायचं.

"माझाच आहे," ती म्हणाली. "चांगला आलाय ना, मॅडम?"

"चांगला आलाय," म्हणून मॅडमनी पुढचा एक्स-रे लावला. तास संपल्यावर मात्र तिला थांबवून घेतलं.

"खालच्या ओठाला काही होतं का तुला?"

"मुंग्या येतात कधीकधी. उजवीकडे. अक्कलदाढ त्रास देत असेल, दुसरं काय?" तिनं मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का?"

"सर्जनना दाखवू. मी येते बरोबर."

सर्जन त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसायचे. ते आणि मॅडम एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे दोघांत आडपडदा नव्हता. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला, काडीच्या जबड्यावरून अंगठा फिरवला, गालाच्या आत बोट घालून हाड चाचपलं. हाडाचा तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरलं.

हाडाचा तुकडा आला की लगेच कापता येत नाही. तो आधी आम्लात ठेवून मऊ करावा लागतो, मग त्याचे पापुद्रे भिंगाखाली जातात. त्यात बरेच दिवस गेले. रिपोर्ट आला तो चांगला होता. हाडाची साधी वाढ, घाबरण्यासारखं काही नाही.

तो रिपोर्ट घेऊनच काडीचे वडील मॅडमच्या खोलीत आले. काच कापून द्यायचं दुकान होतं त्यांचं. बोलणंही तसंच, धारेचं. एक्स-रेचं पाकीट घरी विसरली म्हणून ते काडीला दारातच झापत होते आणि ती तोंडाला तोंड देत होती.

"सुटलो म्हणायचं," खुर्चीत बसत ते म्हणाले.

"अजून एकदा तुकडा काढायला हवा," मॅडम म्हणाल्या. "या वेळी खोलवरचा."

"अहो, चांगला आलाय ना रिपोर्ट? मग आता उकरून काय काढायचं?"

"रिपोर्ट तुकड्याचा आलाय. जबड्याचा नाही आला. तो तुकडा वरवरचा होता, आणि एक्स-रे वेगळंच सांगतोय."

"आणि परत चांगलाच आला तर?"

"तर मी तुमची माफी मागेन."

वडील काहीतरी बोलणार होते, पण काडी मध्ये पडली. "काढू दे ना, बाबा. जबडा माझा आहे."

माफी मागायची वेळ आली नाही. दुसऱ्या रिपोर्टात ऑस्टिओसार्कोमा लिहिलं होतं. सर्जननी बापलेकीला समोर बसवून सावकाश समजावलं. हा हाडाचा कॅन्सर. बहुतेकदा हातापायांच्या लांब हाडांत होतो, जबड्यात क्वचित. जबड्यातला तसा लवकर पसरत नाही. मुळापासून निघाला तर माणूस बरा होतो.

"मुळापासून म्हणजे किती?" वडिलांनी विचारलं.

सर्जननी स्वतःच्याच जबड्यावर बोटानं रेघ ओढली, हनुवटीपासून कानाखालपर्यंत. वडिलांनी ती बघितली, चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला. पुसतच राहिले.

"त्या जागी पायातलं बारीक हाड बसवू. गुडघ्याखाली दोन असतात, एक गेलं तरी चालता येतं."

"म्हणजे मी तोंडानं चालणार की पायानं बोलणार?" काडीनं विचारलं.

सर्जन हसले. वडील हसले नाहीत.

आधी केमो झाली. काडीचे केस गेले, खाल्लेलं पोटात ठरेना. मग ऑपरेशन, सकाळी आत नेलेली पोर अंधार पडल्यावर बाहेर आली. काढलेल्या हाडाच्या कडा स्वच्छ निघाल्या. मात्र हाडाबरोबर त्यातली नसही गेली होती. खालचा ओठ उजवीकडून कायमचा बधिर राहणार होता.

ती बोलायला लागल्यावर मॅडम भेटायला गेल्या. वडील वाटीतून चमच्यानं पेज भरवत होते. काडीनं चमचा हातानं ढकलला, पेज त्यांच्या शर्टावर सांडली.

"असू दे, बाळा," वडील म्हणाले आणि वाटी धुवायला बाहेर गेले.

"बघितलंत?" काडीचे शब्द अजून जाड येत होते. "मुद्दाम सांडली मी. रोज काहीतरी करून बघते. हा माणूस मला जन्मात कधी बाळा म्हणाला नव्हता." तिनं ओठाच्या कडेची लाळ टिपली. "मी मरणारेय का, मॅडम?"

"नाही. रिपोर्ट स्वच्छ आहे."

"मग ते त्यांना सांगा की."

मॅडमनी जाताना सांगितलंही. वडिलांनी मान हलवली, दोनदा आभार मानले आणि परत खोलीत जाताना दार आवाज न करता लावलं.

उरलेली केमो संपवून काडी कॉलेजात आली तेव्हा पुढे गेलेल्या मुलांच्या जागी नवी मुलं होती. तिला काडी म्हणायला कोणी धजावेना. बाकी विषयांच्या तोंडी परीक्षेत तिला सोपे प्रश्न आले, आणि उत्तर येण्याआधी मार्क मिळाले.

मॅडमच्या परीक्षेत तिच्या वाट्याला एका म्हाताऱ्या माणसाचा एक्स-रे आला. खालच्या उपदाढेच्या मुळाशी एक गोल काळा डाग होता. तिथून नस बाहेर पडते. असा डाग प्रत्येकाच्या जबड्यात दोन्ही बाजूंना असतो. काडीनं तो बराच वेळ न्याहाळला.

"गाठ आहे. तुकडा काढून तपासायला हवा."

"नीट बघ."

"बघितलं."

"दुसरीकडचाही एक्स-रे आहे. तो हवाय?"

"नको. गाठच आहे."

मॅडमनी तिला नापास केलं. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं, चहा मागवला.

"जाऊ द्या हो. त्या पोरीनं काय कमी सोसलंय?"

"म्हणून तिनं धडधाकट म्हाताऱ्याचा जबडा कापायचा?"

प्राचार्यांनी चहाचा घोट घेतला आणि विषय सोडून दिला. निकाल लागला त्या दुपारी काडी तरातरा मॅडमच्या खोलीत आली.

"हे बरोबर नाही. एक्स-रे धूसर होता."

"धूसर नव्हता."

"कोणाचीही चूक झाली असती."

"तोच ज्यांना आला, त्यांची झाली नाही."

"निदान प्रयत्नाचे तरी मार्क द्या."

"प्रयत्न कसला? दुसरी बाजू बघायला सांगितली, ती बघितलीस का?"

काडीनं ओठ टिपून रुमाल खिशात कोंबला.

"मला सगळीकडे तेच दिसतं, मॅडम," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली.

"मलाही दिसायचं, तुझ्यानंतर. म्हणून दोन्ही बाजू बघायच्या."

तिनं ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "फेरपरीक्षा कधी?"

"पुढच्या महिन्यात. आणि दयेचे मार्क मिळणार नाहीत."

"मागितलेत कोणी?" असं म्हणून ती गेली.

संध्याकाळी मॅडम बाहेर पडल्या तेव्हा काडीचे वडील फाटकाशी स्कूटर लावून उभे होते. काडी त्यांना काहीतरी सांगत होती. ते मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांचा आवाज चढला.

"नस कुठली, गाठ कुठली, एवढं कळत नाही? वर्षभर केलंस काय?"

"जबडा बदलून घेत होते."

"आणि त्यानंतर? टीव्हीसमोर लोळत होतीस ते?"

"तुम्हीच म्हणालात, पडून राहा."

"पडून राहा म्हणालो, पुस्तक उघडू नको म्हणालो होतो?"

"उघडलं होतं. तुम्हीच डोळ्यांना ताण पडेल म्हणून मिटलंत."

"माझ्यावर ढकलू नकोस."

येणारेजाणारे वळून बघत होते. दोघांनाही त्याची फिकीर दिसली नाही. मॅडम फाटकाच्या अलीकडेच थांबल्या आणि पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागल्या. किल्ली त्यांच्या हातातच होती.