नाल्याकडची ओळ

कळव्याच्या समता चाळीत पावसाळा म्हटलं की लोक आधी गादी वर टाकायचे आणि मग आभाळाकडे बघायचे. चाळीच्या पाठीमागून नाला जायचा. खाडीला भरती असली की त्याचं पाणी पुढे सरकायचं नाही, उलट फिरायचं आणि मोऱ्यांतून घरात यायचं. नाल्याला लागून असलेल्या ओळीत ते आधी शिरायचं, मग बाकीच्या चाळीत.

त्या ओळीत मीराबाई जाधव राहायच्या. पुढच्या खोलीत त्यांची बालवाडी आणि मागच्या खोलीत संसार. चाळीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली 'अ'ला काना द्यायला शिकलेली, त्यामुळे म्हातारेकोतारेसुद्धा त्यांना 'बाई'च म्हणायचे. बाई करारी होत्या. कुणाचं पोर शाळेत गेलं नाही तर थेट घरात शिरून आईबापाला विचारायच्या. नळावरचं भांडण त्या आल्या की आपोआप थांबायचं. लोक त्यांना थोडे टरकायचे, आणि त्यांच्याशिवाय कुणाचं पानही हलायचं नाही.

एका जुलैत पाणी रात्रभर उतरलं नाही. बाईंचे यजमान, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते. चाळीतल्या पोरांनी त्यांची खाट टेबलांवर चढवली, तरी ते अर्धे भिजलेच. आठवडाभरात त्यांना ताप आला, लेप्टो निघाला आणि आबा गेले. बाई रडताना कुणाला दिसल्या नाहीत. महिनाभराने त्या दर्शनाच्या घरी गेल्या.

दर्शना गायकवाड त्यांचीच विद्यार्थिनी. शिकून पतपेढीत नोकरीला लागलेली, बचत गटाचं काम करणारी, बोलायला धीट. पालिकेच्या निवडणुकीत त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झालेला होता.

"तू उभी राहा," बाई म्हणाल्या. "आणि निवडून आलीस की दुसरं काही करू नको. हा नाला रुंद कर."

दर्शना उभी राहिली. प्रचाराला बाई तिच्यापुढे चालायच्या. कुणी दार उघडायला वेळ लावला तर कडी वाजवून म्हणायच्या, अरे, बाई आल्यात, बाहेर या. दर्शना निवडून आली.

नाल्याचा विषय महासभेपुढे यायला बरीच खटपट करावी लागली. नकाशा झाला तेव्हा कळलं की नाला रुंद करायचा तर त्याच्याकडची अख्खी ओळ पाडावी लागणार. बाकीची चाळ वाचेल, आसपासच्या वस्त्याही वाचतील, पण ती ओळ जाईल. दर्शना नकाशाची गुंडाळी घेऊन बाईंकडे गेली. तिने सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला, आपली खोली कुठे आहे ते बोटाने शोधलं.

"मग अडलंय कुठे?" त्या म्हणाल्या. "माझी खोली आधी पाडा म्हणावं."

"बाई, लोक तयार होणार नाहीत."

"ते माझ्यावर सोड."

महासभेत विरोधी बाकावरच्या एका नगरसेवकाने विचारलं, ही कुटुंबं जाणार कुठे? प्रशासनाने उत्तर दिलं की तूर्त वर्तकनगरला संक्रमण इमारतीत, आणि दोन वर्षांत मंडईमागच्या मोकळ्या भूखंडावर बांधलेल्या पक्क्या इमारतीत परत इथेच. उत्तर व्यवस्थित टाइप केलेलं होतं. दर्शनाने बाक वाजवला. ठराव मंजूर झाला, आणि त्या संध्याकाळी तिने तेच उत्तर बाईंना शब्दशः सांगितलं.

बाई ते घेऊन ओळीत दारोदार गेल्या. नंदा म्हणून दर्शनाच्या वर्गातली मुलगी होती, शेजारच्याच खोलीत सून म्हणून आलेली. तिचा नवरा रवींद्र रिक्षा चालवायचा आणि तो काही केल्या सही करायला तयार नव्हता. एकदा इथून उठलो की परत कोण आणतंय, असं त्याचं म्हणणं. बाई त्याच्याकडे तीनचारदा गेल्या. शेवटी म्हणाल्या, "रवी, मी सांगते ना तुला. परत इथेच यायचंय आपल्याला. माझ्या शब्दावर सही कर." त्याने केली. त्याच्या मागोमाग उरलेल्यांनीही केल्या.

हलायच्या दिवशी टेम्पो लागले. बाईंनी बालवाडीचा फळा स्वतः धरून टेम्पोत ठेवला. बुलडोझर आला तेव्हा ओळ मोकळी होती. कुणी दगड मारला नाही, कुणी आडवं पडलं नाही. अधिकारी म्हणाले, असं शांतपणे झालेलं पाडकाम आम्ही कधी बघितलेलं नाही. दर्शनाला त्या दिवशी बाईंचा फार अभिमान वाटला होता.

नाला रुंद झाला. पुढच्या पावसाळ्यात मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच दिवशी आले, आणि समता चाळीत पाणी शिरलं नाही. लोक दारात खुर्च्या टाकून पाणी वाहताना बघत बसले. कुणीतरी दर्शनाला फुलांचा हार घातला. तो हार घेऊन ती रिक्षाने वर्तकनगरला गेली आणि बाईंच्या गळ्यात घातला. बाई हसल्या, म्हणाल्या, "आबा असते तर नाचले असते."

संक्रमण इमारत उंच आणि अरुंद होती. मधोमध लांबच लांब अंधारा पॅसेज, दोन्हीकडे समोरासमोर दारं. बाईंना सातवा मजला मिळाला होता. लिफ्ट होती, पण चालायची तेव्हा चालायची. बाईंनी पॅसेजमध्ये सतरंजी अंथरून बालवाडी भरवून पाहिली. पण ओळीतली पोरं मजल्यामजल्यावर विखुरली होती आणि इमारतीत भलत्याच ठिकाणांहून आणलेली इतर माणसंही होती, त्यांना दाराशी गलका नको होता. सतरंजी गुंडाळली गेली.

इकडे मंडईमागच्या भूखंडाची मोजणी झाली आणि त्याचा मोठा भाग खाडीच्या भरतीरेषेच्या आत निघाला. तिथे इमारतीला परवानगीच मिळेना. दुसरी जागा शोधू म्हणून बैठका झाल्या. मग साथ आली, सगळंच ठप्प झालं. साथ ओसरते न ओसरते तोच महासभेची मुदत संपली. निवडणुका लागेनात. नगरसेवक माजी झाले आणि पालिकेत प्रशासक बसले. दर्शना फाइलच्या मागे जायची, पण आता ती साधी अभ्यागत होती. बाकावर बसून राहायची. साहेब मीटिंगमध्ये आहेत असं ऐकून परत यायची.

सुरुवातीला ती बाईंकडे दर रविवारी जायची. मग महिन्यातून एकदा, मग सणासुदीला. सांगायला काही नसायचं, म्हणून पाय जड व्हायचे. गेलीच तर बाई पोहे करायच्या आणि तिच्या पोरांचं विचारायच्या. लोक कसे आहेत, असं दर्शनाने विचारलं की म्हणायच्या, "मजेत आहेत गं सगळे. तू घाई करू नको, होईल." पॅसेजमधून जाताना दारं बंद असायची. दर्शनाला वाटायचं, दुपारची वेळ आहे, झोपली असतील माणसं.

बाईंचा मुलगा प्रशांत पुण्याला कंपनीत होता. तो आईला तिकडे ये म्हणायचा. बाई म्हणायच्या, मी या लोकांना इथे आणलंय, त्यांना सोडून कशी येऊ? त्यांना परत नेलं की येते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या जरा आधी बाई गेल्या. झोपेतच गेल्या असाव्यात. सकाळची दुधाची पिशवी दारातच राहिली. दुसऱ्या सकाळी दूधवाल्याने कालचीही तिथेच बघितली आणि खाली जाऊन वॉचमनला सांगितलं, तेव्हा दार फोडलं.

दर्शनाला हे प्रशांतने फोनवर सांगितलं. तेव्हा ती पतपेढीच्या जिन्यात होती. समता चाळीत बाई सकाळी दिसल्या नसत्या तर चहाच्या वेळेआधी पाच जणांनी कडी वाजवली असती. इथे समोरासमोर दारं होती, त्यांतली काही तर ओळीतल्याच माणसांची, आणि दिवसभर कुणी वाजवली नव्हती. हे तिला कळेना.

ते पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळलं. कार्यक्रम बाईंच्या खोलीतच ठेवला होता. कळव्याहून बरीच माणसं आली, खोलीत मावली नाहीत. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं. दर्शनाने मान वर करून पाहिलं, तर इमारतीतलं कुणीच आत नव्हतं. ओळीतल्या काही बाया पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभ्या होत्या. आत या म्हटलं तरी येत नव्हत्या. नंदा तर आपल्याच दारात बसून होती.

सगळं आटोपल्यावर दर्शना तिच्याजवळ जाऊन बसली.

"नंदा, काय झालंय तुम्हाला?"

नंदा खाली बघत म्हणाली, "आम्ही बाईंशी बोलत नव्हतो."

मग तिने हळूहळू सगळं सांगितलं. पहिली दोन वर्षं लोक वाट बघत होते. मग विचारू लागले. रवींद्रच्या रिक्षाचा स्टँड कळव्याला, त्याची वणवण होत होती. धुणंभांडी करणाऱ्या बायांची कामं सुटली होती. एका म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा लिफ्ट बंद होती, चादरीत घालून उतरवावा लागला, तो वाटेतच गेला. त्याच्या सुनेने सगळ्यांसमोर बाईंना विचारलं, तुमच्या शब्दावर सही केली, आता न्या परत. त्यानंतर एकेकाने बोलणं टाकलं. बाई समोरून आल्या की लोक दार ओढून घ्यायचे. आदल्या दिवाळीला त्यांनी फराळ पाठवला तर दोघीतिघींनी परत केला.

"मीही केला," नंदा म्हणाली.

"पण शब्द माझा होता," दर्शना म्हणाली. "मी सांगितलं म्हणून त्यांनी सांगितलं. त्या बोलल्या नाहीत का तसं?"

"एकदाही नाही. त्या म्हणायच्या, मी सांगितलं होतं, माझं चुकलं."

दर्शनाने विचारलं, "मग तुम्हाला वाटलं तरी काय? हे बाईंनी स्वतःच्या मनाने केलं?"

नंदाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आम्ही काय खुळे आहोत? सगळ्यांना माहीत होतं. पण तू यायचीस आणि निघून जायचीस. त्या इथेच होत्या. राग काढायला रोज समोर कोण होतं?" मग तिने बाईंच्या दाराकडे बोट केलं. "त्या दिवशी दूध मी पण बघितलेलं, दर्शना. सकाळीच. बघितलं आणि आत गेले."

पॅसेजमधल्या बायांपैकी एकीने पदर तोंडाला लावला. कुणी कुणाची समजूत घातली नाही.

माणसं पांगल्यावर प्रशांत दर्शनाला खालपर्यंत सोडायला आला. लहानपणी दोघं एकाच सतरंजीवर बसून बाराखडी शिकलेले. गेटपाशी तो थांबला.

"आईने तुला कधी दोष नाही दिला," तो म्हणाला. "मी देतो. तुला माहीत असावं म्हणून सांगतोय." तो रागाने बोलत नव्हता, दमलेला दिसत होता. तिने मान हलवली. तो वर निघून गेला.

निवडणुका शेवटी लागल्या. दर्शनाला उभं राहायचं नव्हतं, पण चाळीतली चार माणसं मागे लागली म्हणून ती राहिली. प्रचाराला एकटीच पुढे चालायची. कळव्यातल्या कितीतरी दारांत आता नवी भाडेकरू माणसं होती. एका तरुण बाईने पत्रक हातात घेऊन विचारलं, "तुम्ही आधी पण होतात का? काय केलेलं तेव्हा?" दर्शना म्हणाली, नाला रुंद केला. त्या बाईने मागे वळून नाल्याकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाली, आणि पत्रकाची घडी घातली. ज्यांना ते दिवस आठवत होते त्यांतली बरीच मतं वर्तकनगरच्या यादीत गेली होती. दर्शना पडली. फार थोड्या मतांनी नाही, चांगलीच पडली.

निकालानंतरच्या रविवारी ती वर्तकनगरला गेली. का गेली हे तिला सांगता आलं नसतं. जिने चढून सातव्या मजल्यावर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. नंदा दारातच मेथी निवडत बसली होती. निकाल तिच्या कानावर आलेला असणार. थोडं सरकून तिने जागा केली. दर्शना बसली, आणि एक जुडी ओढून पानं खुडू लागली.

बाईंची खोली पालिकेने दुसऱ्या कुटुंबाला दिली होती. कुठल्याशा रस्त्याच्या कामात उठवलेली माणसं होती, त्याच सकाळी आलेली. त्यांचं कपाट, बादल्या, गाद्यांची वळकटी अजून पॅसेजमध्येच पडलेली होती आणि एक म्हातारी त्या वळकटीवर बसून इकडेतिकडे बघत होती. एकाही दारातून कुणी बाहेर आलेलं नव्हतं.

नंदाने तिकडे पाहिलं. मग हात झटकून आत गेली, तांब्या भरून आणला आणि दर्शनापुढे धरला.

"जा, त्यांना दे," ती म्हणाली. "मी चहा टाकते."

दर्शना तांब्या घेऊन उठली.