देवाचा बोकड आणि लेझरचा कोबी

मी एक म्हातारा बोकड आहे, मित्रांनो, आणि जन्मापासून पवित्र आहे. यात माझं कर्तृत्व काहीच नाही. आईच्या पोटी पहिला जन्मलो, एवढंच. पोलंडमधल्या आमच्या ज्यू गावात गाभण शेळीतला वाटा आधीच परधर्मीय शेजाऱ्याला विकतात, म्हणजे पिल्लू पुरतं ज्यूंचं राहत नाही आणि पवित्रपणाची भानगड होत नाही. आमचा मालक विसरला.

पहिला नर देवाचा. पण पूर्वजांच्या देशातल्या ज्या एकमेव मंदिरात मला वाहायचं, ते पडून शेकडो वर्षं झालेली! मग पुजाऱ्यांच्या कुळातल्या नाखमनच्या गळ्यात मला बांधलं. हा बिचारा लोकांच्या खिडक्यांना काचा बसवून पोट भरणारा. मला कापायचं नाही, राबवायचं नाही, केसही कातरायचे नाहीत. अंगाला आपसूक खोट आली, तरच खायची मुभा. मुद्दाम खोट केली तर पाप.

मी बाजारात पाव खाल्ले, एका नवरदेवाची टोपी खाल्ली. लोक काठी उगारायचे आणि तशीच खाली घ्यायचे. आमच्याकडे पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं. इतकं वेगळं, की माझी मान कुणी कधी खाजवली नाही.

"अहो, पोरांना बटाटा नाही, आणि हा देवाचा जावई माजलाय!" नाखमनची बायको पेसल करवादायची. तिचंही खरंच होतं.

एका सकाळी शेजारच्या लेझरच्या कुंपणात माझा कान अडकला आणि टर्रकन फाटला. पेसलने लगेच कढई घासायला घेतली.

निवाडा करायला गावचे धर्मगुरू, रब्बी, आले. "नाखमन, तुझी साक्ष चालणार नाही. मटण तुझ्याच घरी शिजणार. लेझर, तू तिथेच होतास. कान आपोआप फाटला ना?"

लेझर! तीन वर्षं मी त्याचा कोबी फस्त केला होता. तो 'हो' म्हणाला, की मी कढईत. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या वाफ्याकडे.

"नाही दिसलं, रब्बी. माझं लक्ष कोबीकडे होतं."

"रोज याला शिव्या घालता, भावजी, आणि नेमके आजच आंधळे झालात?" पेसल कडाडली.

"काय करू वहिनी, कोबीच तसा आलाय!"

साक्ष नाही, म्हणून मी पवित्रच राहिलो. लेझरने एक गड्डा उपटला, बाहेरची पानं मला टाकली आणि उरलेला पेसलच्या हातात ठेवला. कढई वाया गेली नाही.

मित्रांनो, कशालाही खुशाल पवित्र म्हणा. पण सोवळ्यात ठेवणं वेगळं आणि वाळीत टाकणं वेगळं. देवाच्या नावाने जे सोडाल, त्याला खायला कोण घालणार, तेवढं आधी ठरवा.