तक्रार मिटायची तेव्हा

दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात वरच्या मजल्यावर तिचं टेबल होतं. काम झेपत नाही अशी कुणाची तक्रार आली, की ती मुकादमाला बोलवायची. मुकादम कागद वाचून "बघतो, बाई" म्हणायचा. आठवड्याच्या आत तक्रार करणारी स्वतः येऊन ‘मिटली’ या शब्दाखाली सही करून जायची. चार वर्षांत तिच्या टेबलावर एकही कागद शिळा झाला नव्हता. खाली चादरींच्या घड्या घालणारे तिचे वडील, कारखान्यातले अण्णा, भेटेल त्याला सांगत, "आमच्या पोरीकडे तक्रार टिकत नाही. हात लावला की मिटली."

वडील गेले. पंधरा दिवसांनी ती कामावर परतली, आणि पुढच्या दोन आठवड्यांत घडी विभागातल्या सात बायका तिच्याकडे येऊन गेल्या.

"खांदा वर जात नाही, बाई," पहिली म्हणाली. "केस विंचरायला पोरीला हाक मारावी लागते."

"पण तुमची तक्रार गेल्या वर्षी मिटली होती ना?"

"मिटली होती की. आता परत उगवली."

तिने जुनी फाईल काढली. सातही जणींच्या सह्या तिथे होत्या. तिने मुकादमाला बोलावलं.

"त्यात कोडं कसलं, बाई?" तो खुर्चीच्या टोकावर टेकत म्हणाला. "गठ्ठे काय हवेत विरतात? एकीचे कमी केले की दुसऱ्या कुणाला द्यायलाच लागतात. अण्णांना देत होतो."

"सातही जणींचे?"

"सोन्यासारखा माणूस. नाही हा शब्दच ठाऊक नव्हता. वर मलाच म्हणायचे, पोरीच्या टेबलावर कागद राहू देऊ नकोस."

घरी बाबा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. बोटं का सुजली, असं तिने विचारलं होतं. "वय झालं," ते म्हणाले होते. तिने मलमाची ट्यूब आणून दिली होती. ती संपल्यावर दुसरीही.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मुकादमाने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच नवल वाटलं होतं.

काम कमी झालं का, एवढंच ती विचारत आली होती. ते गेलं कुठे, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"काळजी सोडा," मुकादम उठला. "गोगलगाईला देतो. तिला कुठे तोंड आहे? शुक्रवारपर्यंत सातही सह्या आणतो."

तिने फाईल मिटली. त्याने तो होकार धरला.

दुपारी ती खाली गेली. बाबांच्या टेबलाशी पन्नाशीची एक बाई उभी होती. सगळे तिला गोगलगाय म्हणत. तिच्या दोन्ही बाजूंना गठ्ठे छातीपर्यंत आले होते.

"मावशी, जास्त होतंय का?"

"नाही गं. होतंय की," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

बाबाही असंच म्हणत. याच स्वरात.

तिने एक गठ्ठा उचलून ढकलगाडीत टाकला. मग दुसरा. बायका बघत राहिल्या. मुकादम धावत आला.

"बाई, हे काय भलतंच? संध्याकाळी गाडी येईल. चादरी कमी भरल्या तर दवाखान्याचा फोन येईल!"

"तो फोन माझ्या टेबलावर द्या."

"साहेब कच्चं खातील तुम्हाला."

"अजून दोन माणसं घ्या म्हणून त्यांना लिहून देते. तोवर इथे जेवढं होईल तेवढंच."

गोगलगाईने गाडीतला गठ्ठा परत ओढला. "राहू दे गं. माझ्यापायी तुला बोलणी नकोत."

तिने गठ्ठ्याचं दुसरं टोक धरलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. शेवटी मावशीचीच बोटं सुटली. ती सुजलेली होती.

ती वर आली. साहेबांना चार ओळी लिहिल्या. बिनसहीचे सात कागद टेबलावर सरळ लावले, आणि फोनजवळ बसून राहिली.