मरीआईचा ओटा आणि काबरीचं अंडं

जयाला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणलं ते साल सत्तावन्न. तिला सातवा महिना होता आणि दारव्ह्याकडच्या त्या गावात चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. एका सकाळी तिच्या आईनं, इंदूबाईनं, खुराड्यात हात घातला तर बोटांना पुन्हा तो ओलसर, लिबलिबीत गोळा लागला. बाहेर काढला. अंडंच होतं, पण वर टरफल नव्हतं, नुसतं पातळ कातडं. तळहातावर ते डुगडुगत राहिलं. आठ दिवसांतलं हे पाचवं.

"वयनी, म्या सांगतलं होतं का नाई?"

काट्यांच्या कुपाटीच्या पलीकडं उकंडा उभा होता. इंदूबाईच्या नवऱ्याचा, श्रावणचा, तो चुलतभाऊ. आदल्या दसऱ्याला श्रावण-इंदूबाई नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले, उकंडा गेला नाही. पौषात श्रावणनं अंगणातला मरीआईचा ओटा फोडला, माती गावाबाहेर टाकली आणि शेंदराचा दगड नाल्यात नेऊन ठेवला. तेव्हापासून उकंडा वाटच पाहत होता.

"काय सांगतलं होतं, भाऊजी?"

"मायचा कोप होईन म्हून. आज अंड बिनटरफलाचं निंघालं." उकंड्याची नजर कडुलिंबाखाली बसलेल्या जयाच्या पोटावर गेली. "उद्या लेकरू बिनहाडाचं निंघन."

जयाच्या हातातलं सूप थांबलं.

इंदूबाईच्या अंगाची लाही झाली. आजवर तिनं दिराला एकेरी हाक मारली नव्हती.

"तोंड आवर, उकंड्या! पोटुश्या पोरीसमोर असं बोलतेत का? कोप देवीचा नाई, तुह्या जिभेचा हाय. दर आखाडीले ओट्यावर कापलेल्या कोंबड्याची मुंडी अन् तंगडी तुह्या घरी जाये, ते बंद झालं. तेच दुखून राह्यलं तुले!"

"दुखू दे. पण अंड खोटं बोलत नाई, वयनी."

एवढं बोलून तो निघून गेला.

त्या दिवसापासून जयाचं जेवण सुटलं. ताट समोर ठेवलं की ती दोन घास चिवडी आणि सरकवून देई. एका संध्याकाळी हळूच म्हणाली, "माय, माह्या लेकराले खरंच हाडं नसतीन का वं?"

"पोटात लाथा कोण मारून राह्यलं? हाडं नसल्यावर लाथ बसते का?" इंदूबाई म्हणाली खरी, पण तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

श्रावण बाहेरून ऐकत होता. आत येऊन खाली मान घालून म्हणाला, "जयाची माय, ओटा नोको बांधू. पण येक कोंबडा देऊन टाकू मंगळवारी. पोरीचं मन तरी निवंन."

"नागपूरले हात जोडून काय बोलले होते तुमी? मी बाजूलेच उभी होती. मीबी बोलली. आता चार मऊ अंड्यायपायी बोल फिरवता का?"

"पोरगी उपाशी मरून राह्यली, त्याचं काय?"

"मले पंधरा दिवस द्या," इंदूबाई म्हणाली. "मंग तुमाले वाटंन ते करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात बसून कोंबड्यांकडे पाहत होती. दीक्षा घेतल्यापासून गावातले लोक त्यांच्या कोंबड्यांनासुद्धा उकिरड्यावर फिरकू देत नव्हते. दोन तर काठीनं मारल्या. म्हणून तिनं अंगणाला काट्यांची कुपाटी घातली होती आणि सगळ्या कोंबड्या आतच कोंडल्या होत्या.

त्यांतली ठिपक्यांची काबरी ओट्याच्या जागी माती उकरत होती. सारवलेल्या जमिनीत तिनं चांगला वीतभर खड्डा केला. मग मान वाकडी करून काहीतरी पांढरं चोचीत धरलं आणि गिळलं. बाकीच्या कोंबड्या धावल्या. एका पांढऱ्या तुकड्यासाठी तिघींची मारामारी जुंपली.

इंदूबाईनं त्यांना हाकलून तुकडा उचलून पाहिला. चुन्याचा पापुद्रा होता तो.

ती मटकन खाली बसली. वर्षानुवर्षं त्या ओट्याला चुना दिलेला, थरावर थर बसलेले. आणि ही काबरी, तिच्या आधी तिची माय, सारखी त्या ओट्याला चोच मारायची. इंदूबाईनंच तिला कितीदा चपलेनं हाणलं होतं. 'हाड! देवाले चोच मारतं, रांडे?' कोंबडी देवाला खात नव्हती. चुना खात होती आणि त्याचंच टरफल करत होती.

"माय वं माय," ती स्वतःशीच म्हणाली, "आमी मार देल्ला तिले."

ऊन उतरायची वाटही न पाहता ती नाल्यावर गेली. काठाच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे उघडे पडले होते. ते वेचताना तिला शेंदराचा दगड दिसला. शेंदूर निम्मा धुऊन गेला होता, वर एक साळुंकी बसली होती. मग तिनं पदरात अजून दोन मुठी खडे भरले आणि घरची वाट धरली.

खडे कुटता कुटता बोटांची सालं निघाली. कोंबड्यांनी तो चुरा दाण्यासारखा टिपला. चार दिवस काही फरक दिसला नाही. नवव्या दिवशी अंड्यावर कागदासारखं टरफल आलं. तेराव्या दिवशी काबरीनं घातलेलं अंडं इंदूबाईनं जयाच्या मुठीत दिलं.

"दाब."

जयानं दाबलं.

"जोरानं दाब वं, उपाशी मेल्यावानी नोको करू!"

अंडं फुटलं नाही. जया कितीतरी दिवसांनी हसली. ते उकडून तिनं खाल्लं आणि वर भाकर मागितली.

इंदूबाई दुसरं अंडं घेऊन तशीच उकंड्याच्या दारात गेली. "भाऊजी, दाबून पाहा. नाल्यातली चुनखडी चारली कोंबड्यायले."

उकंड्यानं अंडं हातात फिरवलं आणि परत दिलं. "चला, मायनं माफ केलं तुमाले."

"माफ?" इंदूबाईचा आवाज चढला. तिनं सोललेली बोटं त्याच्या नाकासमोर धरली. "खडे म्या वेचले, म्या कुटले, अन् माफ तिनं केलं? माह्या पोरीनं तुह्या बोलण्यापायी अन्न टाकलं, त्याची माफी कोण मांगंन? तुही मरीआई का तू?"

उकंडा बैलाला कडबा टाकायला उठून गेला.

ज्येष्ठात जयाला मुलगी झाली. सुईणीनं पाय धरला तर तिनं असा झटकला की सुईणच हसली. गावभर मात्र उकंड्याचंच बोलणं चाललं: मायनं माफ केलं म्हणून निभावलं. पाणवठ्यावर, लग्नात, बाजारात इंदूबाई सात वर्षं चुनखडीचं सांगत राहिली. बाया ऐकून घेत, चुनखडी नेतही, आणि जाता जाता देवीला हात जोडत.

चौसष्ट साली उकंडा खोकल्यानं अंथरुणाला खिळला. त्याची बायको अंडं मागायला वाटी घेऊन कुपाटीशी आली. इंदूबाईनं रोज एक अंडं द्यायला सुरुवात केली. देताना दररोज निरोप सांगायची, "म्हणा, चुनखडीचं हाय." उकंडा अंडं खायचा, निरोपाला उत्तर द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बायको टरफलं परत आणून द्यायची, ती भाजून कुटून इंदूबाई कोंबड्यांना घालायची.

एका सकाळी ती अंडं घेऊन निघाली आणि पलीकडून रडणं ऐकू आलं. ती कुपाटीशीच थांबली. अंडं अजून गरम होतं.

उकंडा चौसष्ट सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारला. 'मायनं माफ केलं' हा शब्द त्यानं शेवटपर्यंत मागे घेतला नाही.