पट्ट्यावरचं वजन

हे चालायचं मशीन खरं तर माझ्यासाठी घेतलं होतं. दिवसभर शिलाई मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कंबरा आत घ्यायच्या आणि स्वतः मात्र दरवर्षी रुंद होत जायचं, याची माझी मलाच लाज वाटायला लागली होती. बसवायला आलेल्या मेकॅनिकने वजन विचारलं, मी दोन किलो चोरून सत्तर सांगितलं, त्याने ते आत घातलं आणि म्हणाला, "बाई, वर कोण चढलंय ते याला कळत नाही. तुम्ही सांगाल ते वजन, त्यावर वेग आणि वेळ, एवढ्यावरून किती कॅलरी जळल्या त्याचा अंदाज बांधतं हे." मी उत्साहाने चार दिवस चालले, मग त्याच्या दांडीवर गिऱ्हाइकांचे कपडे टांगायला लागले.

पुढे यांच्या छातीत कळ आली. हे ड्रायव्हिंग शिकवतात. म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या शेजारी बसून दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबलेला माणूस, आणि वजन नव्वदच्या वर. डॉक्टरांनी बजावलं की रोज तीनशे कॅलरी जाळायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही, पुढचा झटका सांगून येणार नाही. माझी तर पाचावर धारण बसली. मशीनवरचे कपडे उतरवले, धूळ पुसली आणि दुसऱ्या दिवसापासून हे रोज हिरवं बटण दाबून चालायला लागले. आतलं वजन बदलायचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. निदान माझ्या तरी आलं नाही.

मी शेजारी शिवत बसायची, हे चालायचे. काही महिन्यांनी डॉक्टर खूश झाले, म्हणाले हृदय कमालीचं सुधारलंय. यांच्या कमरेला मी सवयीने टेप लावून पाहिली तर कंबर बोटभरही उतरली नव्हती. माझे कपडे मात्र ढगळ होऊ लागले. शेजारीण खोदून खोदून विचारायची, असं काय करतेस गं. मी म्हणायची, काही नाही, नवऱ्याला चालायला लाव. आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

मग एकदा काज करताना बोटातली अंगठी निसटून बटणांच्या डब्यात पडली आणि माझं हसू मावळलं. सगळ्या तपासण्या केल्या, कशात काही निघालं नाही. भूक तर अशी लागायची की ताटावरून उठवत नसे. यांनाही काळजी वाटत असावी, कारण रोज सकाळी चहाचा कप हातात देताना ते विचारायचे, "आज काट्यावर किती?" इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझी एवढी विचारपूस कधी केली नव्हती. मला बरं वाटायचं, खोटं का बोला.

यांचा चालायचा शर्ट मी रोजच्या रोज धुवत होते. एक दिवस तो हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. शर्ट कोरडा होता, घामाचा वास नाही, कॉलरला मळ नाही. माझी पाठ मात्र चिंब झाली होती आणि सकाळपासून मी खुर्चीतून उठले नव्हते. त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. पट्टा सुरू झाला की माझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे, घसा सुकायचा, छाती धडधडायची. मधे पट्टा बिघडला, मेकॅनिक यायला आठवडा लागला, तो आठवडा मी मेल्यासारखी झोपले.

शिवाय यांचं चालणं लांबत चाललं होतं. पूर्वी माझी एक पँट टिपून होईतो त्यांचं आटपायचं, आता दोन होऊन तिसरी हातात यायची. मशीन चिकट झालंय, तीनशे लवकर देतच नाही, असं हे म्हणाले. मी मान डोलावली आणि सुई तशीच कापडात राहिली. वजन कमी तर तेवढ्याच चालण्याला कॅलरीही कमी, हे मलाही कळत होतं. पण आत तर सत्तर होतं.

हे आंघोळीला गेल्यावर मी बटणं दाबून पाहिलं. आत चोपन्न होतं. सकाळी काट्यावर माझं चोपन्नच भरलं होतं.

आधी राग आला की आधी भीती वाटली, सांगता येत नाही. मी तिथे यांचं चौऱ्याण्णव घातलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी यांनी विचारलं, तेव्हा काट्याचा सेल संपलाय म्हणून सांगितलं. ते वर चढले आणि त्यांनी नुसतं हिरवं बटण दाबलं.

मला काहीच झालं नाही. पाय हलके, श्वास शांत. मला इतका आनंद झाला की मी चक्क गुणगुणायला लागले. मग वर पाहिलं. यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, एक हात दांडीवर, दुसरा छातीवर, ओठ निळसर पडलेले. आकडा भराभर तीनशेकडे पळत होता. त्यांनी मशीन बंद केलं, पट्ट्याच्या कडेवर बसले आणि कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी पाणी दिलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी धरून प्यायलं.

आज सकाळी त्यांनी चहा दिला, पण विचारलं काही नाही. मशीनसमोर जाऊन नुसते उभे राहिले, खांदे पडलेले, शाळेत जायचं नसलेल्या पोरासारखे. वाटलं म्हणावं, राहू दे आज, डॉक्टरांकडे जाऊ, सगळं सांगू. पण सांगणार काय? आणि हा माणूस गेला तर मी काय करू, एवढंच सारखं मनात येत होतं. काटा भिंतीशीच होता. मी त्यावर उभी राहिले.

"त्रेपन्न," मी म्हटलं.

कसलं त्रेपन्न, हे त्यांनी विचारलं नाही. वळूनही पाहिलं नाही. बटणावर बोट टेकवलं आणि तसंच दाबून धरलं. आकडा चौऱ्याण्णववरून उतरत उतरत त्रेपन्नवर आला, तिथे बोट उचललं गेलं. पट्टा सुरू झाला. मी खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तिची कड घट्ट धरली.