उसावरची तार

दोन हजार तीन साली सायखेड्याकडच्या उसावर लोकरी मावा पडला आणि फवारणीला चक्क हेलिकॉप्टर आलं. आदल्या दिवशी फवारणीवाल्यांचा मनोज बांधाबांधानं फिरून एकच गोष्ट विचारत होता, "शेतावरून कुठं तार गेलीय का?"

फिरून फिरून तो देवराम राखणदाराच्या झोपडीशी टेकला. बायको, धोंडाबाई, गेल्यापासून दीड वर्षात त्या दारात कुणी टेकलं नव्हतं. म्हाताऱ्याला इतका आनंद झाला की पावसापाण्यापासून दातदुखीपर्यंत सगळं सांगून झालं. तारेचं तेवढं नाही सांगितलं. कसं सांगणार? खांबावर आकडा टाकून, उसात बांबू रोवून चोरून वीज आणलेली. एक बल्ब, एक रेडिओ. त्या रेडिओशिवाय त्याच्याशी बोलणारं होतं तरी कोण?

"तार? नाय बा," तो म्हणाला.

तसा तो बेफिकीर नव्हता. फवारणीच्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या काठीनं आकडा काढला. वायरमन आला की सगळी वस्ती हेच करायची. वीजच नाही म्हटल्यावर तार कुणाचं काय वाकडं करणार? शिवाय हेलिकॉप्टर ओझरच्या कारखान्यातल्या विमानांसारखं उंच आभाळातून जाणार, असा त्याचा समज.

मग ते शेजारच्या उसावर आलं. शेंडे झोपवत, हात वर केला तर लागेल इतक्या खालून. आत बसलेल्या माणसाचा चेहरासुद्धा दिसत होता. वीज असो नसो, तार त्या पात्यांत अडकणारच होती, आणि तो माणूस जिवानिशी जाणार होता.

धोतर खोचून तो उसात घुसला. पानांनी तोंड कापलं. पहिला बांबू उपटला, दुसरा हलेना. अंगाचा सगळा भार टाकून तो लोंबकळला आणि बांबूसकट आडवा झाला. वरून वारा आणि औषधाचा फवारा गेला. हेलिकॉप्टर सुखरूप पुढं निघालं.

मनोज धावत आला. खाली पडलेली तार बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझीच हाय," देवराम म्हणाला. "काल खोटं बोललो. वीज तोडताल म्हणून भ्यालो."

मनोजनं तार गुंडाळली. "अंग धुवा साबणानं, औषध वाईट असतं," एवढंच बोलून तो वळला.

"आरं, दोन शिव्या तरी दे!" देवराम मागून ओरडला. पण हेलिकॉप्टर परत फिरलं होतं, त्या आवाजात काय ऐकू जाणार? म्हातारा भिजलेला तसाच उभा राहिला. आपल्यावर रागवायलाही कुणी थांबलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.